रस्ट 2021 वरून 2024 एडिशनला जाताना काय मोडतं?

तुमचा प्रश्न असा: हिंजवडीत छोटी टीम, बसच्या वेळा सांगणारी सेवा रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या 2021 एडिशनवर (एडिशन म्हणजे भाषेच्या नियमांचा संच), 2024 मध्ये नवीन काय आणि बदलताना काय जपायचं?

2024 एडिशन रस्ट 1.85 बरोबर, 20 फेब्रुवारी 2025 ला आली. एसिंक क्लोजर (एसिंक चालणारी निनावी फंक्शन्स) त्याच आवृत्तीतले, पण ते 2021 वरही चालतात, त्यांच्यासाठी एडिशन बदलू नका. इफ लेटच्या (किंमत नमुन्याशी जुळली तरच पुढे जाणाऱ्या) अटी 'अँड' लावून एकामागोमाग जोडायच्या असतील तर मात्र 2024 एडिशन आणि किमान 1.88 दोन्ही लागतात.

खरा बदल लॉक कधी सुटतो त्यात आहे. समजा थांब्यांचा तक्ता आरडब्ल्यूलॉकमध्ये आहे, म्हणजे एकाच वेळी अनेकजण वाचू शकतात, पण लिहिताना फक्त एकच. इफ लेटच्या ओळीतच रीड घेऊन 'स्वारगेट' शोधलं, सापडलं नाही म्हणून एल्समध्ये राइट घेतलं. 2021 मध्ये तो रीड-लॉक एल्स संपेपर्यंत धरलेला असतो, त्यामुळे थ्रेड (प्रोग्रॅममधली स्वतंत्र चालणारी वाट) स्वतःच्याच लॉकवर अडकून बसतो. 2024 मध्ये तो एल्समध्ये शिरण्याआधीच सुटतो. ही सुधारणा फार मोलाची आहे.

पण इथेच लोक फसतात. कार्गो फिक्स (नव्या एडिशनसाठी कोड आपोआप बदलणारी कमांड) जुनं वागणं जसंच्या तसं ठेवतं, म्हणून अशा जागी इफ लेटचं मॅच (नमुन्यांनुसार वाट निवडणारी रचना) करून टाकतं, आणि मॅचमध्ये लॉक शेवटपर्यंत राहतो. म्हणजे अडकण्याचा दोषही जपला जातो! डिफमधलं (झालेल्या बदलांच्या यादीतलं) असं प्रत्येक मॅच वाचा आणि लॉक धरून ठेवायची गरज नसेल तिथे हाताने परत इफ लेट करा.

क्रम असा ठेवा: आधी सगळं कमिट करा, नाहीतर कार्गो फिक्स चालायला नकार देतं. रस्टअप अपडेट (रस्टची ताजी आवृत्ती घेणारी कमांड), मग कार्गो फिक्सला --एडिशन आणि --ऑल-फीचर्स द्या. दुसरा पर्याय विसरलात तर बंद फीचर्समागचा कोड तसाच राहतो. फक्त विंडोजसाठीचा कोडही लिनक्सवर दुरुस्त होत नाही, त्यासाठी कार्गो फिक्स त्या टार्गेटवर (विंडोजसाठी) वेगळं चालवा. त्यानंतर कार्गो.टॉमल या प्रोजेक्टच्या सेटिंग फाइलमध्ये एडिशन स्वतः 2024 करा आणि टेस्ट चालवा. फॉरमॅटिंगचे नियमही बदललेत, त्याचा कमिट वेगळा ठेवा, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याचे हाल होणार नाहीत.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलणारं सेट_व्हार 2024 मध्ये अनसेफ आहे, म्हणजे ते सुरक्षित आहे याची खात्री कंपायलर नाही, तुम्ही द्यायची. कार्गो फिक्स त्याला अनसेफचा ब्लॉक गुंडाळतं, पण धोका जात नाही: युनिक्सवर एक थ्रेड व्हेरिएबल बदलत असताना दुसऱ्या थ्रेडमधली सी लायब्ररी तेच वाचत असू शकते. टोकिओ या एसिंक लायब्ररीचा मेन मॅक्रो नेहमीच्या मल्टी-थ्रेड रूपात वापरत असाल तर मेनच्या पहिल्या ओळीआधीच थ्रेड सुरू झालेले असतात. तेव्हा मेन साधं ठेवा, व्हेरिएबल आधी लावा, टोकिओचं रनटाइम नंतर उभं करा. व्हेरिएबल फक्त चाइल्ड प्रोसेसला हवं असेल तर कमांडवरच एन्व्ह लावा, अनसेफ लागतच नाही.

एक्सटर्न ब्लॉक (दुसऱ्या भाषेतल्या फंक्शन्सची घोषणा) आणि नो_मँगल (फंक्शनचं नाव तसंच ठेवणारी सूचना) यांपुढे अनसेफ लिहिणं 2024 मध्ये सक्तीचं आहे, ते कार्गो फिक्स नीट करतं. डिपेंडन्सी 2021 वर राहिल्या तरी चालतात, एडिशन प्रत्येक क्रेटची (रस्टच्या पॅकेजची) स्वतंत्र असते. म्हणून आधी सर्वांत छोटा क्रेट घ्या, लॉकवाला शेवटी.