सेवेला गेलेल्या मुलाचा दिवस पाणी भरण्यात जातो तेव्हा

परदेशी ख्रिस्ती सेवेला गेलेली तरुण मुलेमुली आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात. मुले म्हणतात, "देवाच्या कामासाठी इतक्या लांब आलो, पण सगळा दिवस पाणी, बाजार, स्वयंपाक आणि भाषा शिकण्यातच जातो; मग माझे पाचारण, म्हणजे देवाचे बोलावणे, खरे नव्हतेच का?" आईवडील म्हणतात, "फोनवर सगळे बरे आहे म्हणतो, पण आवाज बरा वाटत नाही." छत्रपती संभाजीनगरमध्ये समुपदेशनाचे काम करताना हाताळलेली अशीच एक हकिकत इथे सांगते आहे. त्या तरुणाची आणि त्याच्या आईची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई जालन्याची, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातली. तिचा पंचविशीतला मुलगा आफ्रिकेतल्या मलावी देशात, राजधानी लिलाँग्वेपासून काही तासांवरच्या एका खेड्यात, तिथल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या समुदायातल्या, मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये काम करण्यासाठी दोन वर्षांकरिता गेला होता. निघताना इथल्या मंडळीने उपासनेत त्याला पुढे बोलावून, त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. "मॅडम, सुरुवातीला तो तास तास बोलायचा," आई म्हणाली. "आता 'बरं आहे, प्रार्थना करा' एवढंच म्हणून फोन ठेवतो. पाळकसाहेब म्हणतात, परीक्षेचा काळ आहे, धीर धरा. मी धीर धरते, पण त्याचा चेहरा उतरलाय हो." पाळकांचे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचे, म्हणणे खोडून काढण्याचे मला कारण नव्हते. मी स्वतः ख्रिस्ती नाही, आणि कोणाचे पाचारण खरे आणि कोणाचे नाही हे ठरवणे माझे काम नाही. मात्र माणूस जेवतो का, झोपतो का, आणि खरे बोलायला त्याच्याजवळ कोणी आहे का, हे विचारणे नक्कीच माझे काम आहे.

मलावीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असल्यामुळे आमचे बोलणे इथल्या रात्री नऊला होत असे. तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असत. पहिल्या भेटीत मी त्याला सेवेबद्दल काहीच विचारले नाही. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलेस, तेवढेच क्रमाने सांग, असे म्हणाले.

पहाटे पाचच्या सुमारास शेजारच्या बायका अंगण झाडू लागतात, त्या आवाजाने त्याला जाग येत असे. कोळशाची शेगडी पेटवून चहा होईपर्यंत उजाडत असे. मग हातपंपावर रांग. तिथे पाणी भरणे हे बायकामुलींचे काम समजले जाते. त्यामुळे हा उंचापुरा परदेशी मुलगा बादली घेऊन उभा राहिला की रांगेत हसू फुटे. ते हसू वाईट नव्हते, पण रोजच्या रोज सोसताना ते त्याला वाईट वाटू लागले होते. परतताना वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला थांबून रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, हे विचारल्याशिवाय पुढे जाणे तिथे उद्धटपणाचे मानतात. दहा मिनिटांच्या वाटेला त्यामुळे अर्धा तास लागे. सकाळी एका निवृत्त शिक्षकाकडे चिचेवा भाषेचे धडे. दुपारी न्सिमा, म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, पालेभाजीबरोबर किंवा लहान सुक्या माशांबरोबर. शहरात जायचे तर मिनीबस पूर्ण भरल्याशिवाय हलत नाही, आणि तिकडे अनेक पिढ्या भारतीय वंशाच्या लोकांची दुकाने असल्यामुळे हासुद्धा दुकानदारच असणार, असे धरून लोक त्याच्याशी बोलत. रविवारची उपासना काही तास चालते. तिच्यातले मोजके शब्द त्याच्या कानाला ओळखीचे वाटत.

हे सगळे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, जालन्यात मी शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, घ्यायचो. नाताळची गाणी मी बसवायचो. इथं चार वर्षांची पोरगी माझं बोलणं दुरुस्त करते. मी इथं कोणीच नाही."

माझ्या मते या तक्रारीचा गाभा त्या शेवटच्या वाक्यात होता. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने 1954 साली रिओ दि जानेरो येथील व्याख्यानात 'कल्चर शॉक'चे वर्णन केले, तेव्हा त्याने सुरुवातीची भुरळ, मग वैताग, मग हळूहळू सावरणे आणि शेवटी रुळणे असे टप्पे सांगितले होते. प्रत्यक्षात माणसे इतक्या शिस्तीने एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना मी पाहिलेली नाहीत. पण नव्या देशात गेलेला प्रौढ माणूस काही काळ पुन्हा लहान मूल होतो, हे मात्र मी वारंवार पाहिले आहे. नोकरीसाठी गेलेल्याला निदान कंपनीतला हुद्दा असतो. सेवेसाठी गेलेल्या मुलाची सारी ओळख बोलण्यावर, शिकवण्यावर, प्रार्थना करण्यावर उभी असते, आणि भाषा गेली की ती ओळखच जाते. अशा वेळी तो स्वतःच्या दमणुकीला अविश्वास हे नाव देतो.

झोपेबद्दल विचारल्यावर तो थोडा घुटमळला. भयानक स्वप्ने पडतात, छातीत धडधडून जाग येते, आणि हे विशेषतः आठवड्याच्या सुरुवातीला होते, असे त्याने सांगितले. हा आपल्यावरचा सैतानाचा हल्ला आहे असे त्याला वाटत होते, म्हणून तो मध्यरात्री उठून गुडघ्यांवर प्रार्थना करी आणि दिवसभर गळून जाई. त्याच्या श्रद्धेशी मी वाद घातला नाही. हिवतापासाठी कोणती गोळी घेतोस, एवढे विचारले. रविवारी उपासनेनंतर आठवड्यातून एकदा मेफ्लोक्वीन, असे उत्तर आले. या औषधाने काही जणांना दुःस्वप्ने, घबराट, उदासी असे त्रास होऊ शकतात; अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2013 साली त्यावर सर्वांत ठळक स्वरूपाचा इशारा छापायला लावला आहे. मी डॉक्टर नाही. त्यामुळे गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, कारण तिकडचा हिवताप जीव घेऊ शकतो, पण याच आठवड्यात डॉक्टरांना हे सगळे सांगायचे, असे त्याला बजावले. डॉक्टरांनी रोज घ्यायचे दुसरे औषध सुरू केले. मेफ्लोक्वीन शरीरातून सावकाश जाते, त्यामुळे फरक लगेच दिसला नाही, परंतु पुढच्या काही आठवड्यांत त्याची झोप बरीच सुधारली.

स्वतःला संपवून टाकावे असे विचार मनात येतात का, हेही मी त्याला सरळ शब्दांत विचारले. पालकांना हा प्रश्न विचारायची भीती वाटते, आणि विचारल्याने विचार डोक्यात शिरेल असे त्यांना वाटते; तसे होत नाही. त्याचे उत्तर नाही असे होते, आणि कोणीतरी हे विचारले याचेच त्याला बरे वाटले.

झोप आली तरी अपराधीपणा गेला नव्हता. त्याचे मूळ मासिक पत्रात होते. त्याचा खर्च जालन्यातली आणि आसपासची घरे महिन्याला थोडे थोडे पैसे देऊन चालवत होती, आणि त्या बदल्यात तो दर महिन्याला पत्र पाठवी. ते उपासनेत वाचून दाखवले जाई. पत्रात किती मुले आली, कोणी देवाच्या अनुभवाची साक्ष दिली, देवाने कसे दार उघडले, एवढेच असे. खोटे त्यात काही नव्हते, पण हातपंप नव्हता, एकटेपणा नव्हता, पुन्हा पुन्हा चुकणारी वाक्ये नव्हती. "माझ्या मावशीनं पेन्शनमधून पैसे दिलेत, आणि मी इथं दुपारी झोपलो तर तिचे पैसे खाल्ल्यासारखं वाटतं," तो म्हणाला. पत्रातला सेवक आणि रांगेतला मुलगा यांच्यातले अंतर महिन्यागणिक वाढत गेले होते, आणि ते झाकण्यासाठीच तो आईचा फोन लवकर ठेवत होता.

आईशी स्वतंत्र बोलताना मी सहज तिच्या माहेराबद्दल विचारले. "माझे वडील मिशनच्या बोअरच्या गाडीवर होते," ती म्हणाली. मराठवाड्यात 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी घरोघरी आहेत, पण जालन्याची एक गोष्ट तरुण पिढीला क्वचितच ठाऊक असते. तिथल्या स्कॉटिश मिशनच्या पाणी-प्रकल्पात कूपनलिका खोदण्याबरोबरच, वारंवार मोडणाऱ्या ओतीव लोखंडी हातपंपांऐवजी टिकाऊ पंप बनवण्याची खटपट झाली. त्यातून 'जालना पंप' आला, त्यात सुधारणा होऊन 'सोलापूर पंप' झाला, आणि त्या वाटेनेच पुढे 'इंडिया मार्क-2' हा हातपंप तयार झाला, जो भारतातच नव्हे तर अनेक देशांच्या खेड्यांत पोचला. हे मुलाला ठाऊक आहे का, असे मी विचारले. आजोबा मिशनमध्ये होते एवढेच त्याला माहीत होते. मी ते त्याला सांगण्यापेक्षा आईने सांगावे, असे सुचवले. पुढच्या भेटीत तो म्हणाला, "आजोबांनी पाणी काढलं ती सेवा, आणि मी रांगेत उभा राहतो तो वेळ वाया, असं कसं म्हणू?" त्याच रांगेतल्या एका आजीबाईंनी त्याला कोणते शब्द शिकवले, हेही त्याने प्रथमच उत्साहाने सांगितले.

परत यावे लागले तर लोक काय म्हणतील, ही भीती उरली होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. पुढची काही वर्षे मराठी शिकण्यातच गेली. नॉट प्रकृती ढासळल्यामुळे 1815 मध्ये मायदेशी परतले. हॉल राहिले आणि 1826 मध्ये नाशिक भागात पटकीने गेले. मी त्याला या दोघांबद्दल सांगितले, आणि यातला कोण हरला असे तुला वाटते, हे विचारले. त्याने उत्तर दिले नाही, आणि मीही आग्रह धरला नाही.

काही गोष्टी आम्ही मिळून ठरवल्या. आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा, आणि तो रविवार नाही, कारण रविवार त्याच्यासाठी सर्वांत थकवणारा दिवस होता. परदेशी सेवा करून परतलेल्या, त्याच्या पैशांशी किंवा अहवालाशी संबंध नसलेल्या एका ज्येष्ठ दांपत्याशी पंधरा दिवसांतून एकदा मोकळे बोलणे. पत्रात दर महिन्याला निदान एक अवघड गोष्ट जशी आहे तशी लिहिणे. पहिले असे पत्र पाठवताना तो फार घाबरला होता. ते वाचले गेल्यावर आपली मदत थांबवण्याऐवजी मावशीने उलट निरोप पाठवला की, दुपारी झोपत जा, बाळा. आईलाही मी एक बदल सुचवला : "ताई, 'मुले किती आली' हे विचारू नका. 'आज काय शिजवलंस' हे विचारा." जेवणापासून सुरू झालेला फोन पुन्हा लांबू लागला.

ज्यांची मुले अशी दूर आहेत त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज उदासी, झोप किंवा भूक बिघडणे, आवडीच्या गोष्टीतही मन न लागणे असे दिसले, तर प्रार्थना चालू ठेवूनच डॉक्टरांची मदत घ्या. आणि तुमचे स्वतःचे मन या काळजीने खचले असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

आमच्या भेटी आता महिन्याने होतात. भाषा अजून अडखळते, पण शब्बाथशाळेतल्या एका वर्गाला तो गाणी शिकवू लागला आहे. मुदत संपल्यावर थांबायचे की परतायचे हे त्याने ठरवलेले नाही, आणि थकलेल्या अवस्थेत ते ठरवू नये, यावर त्याच्या पाळकांचे आणि माझे एकमत आहे.