नवं पिल्लू आलं आणि जुनी फिस्कारली

इंदूरच्या रामबागेतल्या एका काकू रस्त्यावरची मांजराची पिल्लं घर मिळेपर्यंत सांभाळतात. घरात आधीची दोन पिल्लं, सख्खी भावंडं, होतीच, त्यात राजवाड्याजवळ सापडलेलं दोनेक महिन्यांचं काळं पिल्लू आलं. त्याच संध्याकाळी तिघांना समोरासमोर सोडलं. भावंडांनी पाठीची कमान केली, शेपट्या फुगवल्या नि फिस्कारली. काकूंचा लगेच फोन, "ताई, यांचं जमायचंच नाही का हो?"

पिल्लं सांभाळणारे बहुतेक जण हेच विचारतात. मला फिस्कारण्याची फारशी काळजी नसते. 'लांब राहा' एवढंच ते सांगतं. मोठ्या मांजरांना जुळवून घ्यायला महिनेही लागतात, या वयाची पिल्लं बहुधा काही दिवसांत एकमेकांच्या अंगावर लोळतात. मी उलट विचारलं, "काळ्याला जुलाब आहेत? नाक वाहतंय? कुठे केस गेलेत? भावंडांना लस दिलीय?"

लस राहिली होती. पॅनल्युकोपेनियाची, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची, लागण झाली तरी लक्षणं दिसायला दहा दिवसही लागू शकतात. विषाणू घरात वर्षभर तग धरतो, फिनाइलला दाद देत नाही. म्हणून काळ्याला दोन आठवडे मागच्या खोलीत ठेवायला सांगितलं. भांडी, शी-शूचे ट्रे वेगळे. आधी भावंडांचं सगळं उरकायचं, मग त्याच्याकडे जायचं, बाहेर आल्यावर हात धुऊन कपडे बदलायचे. भेट झालेलीच होती, तेव्हा लक्ष तिघांवरही.

"एकटं रडेल हो ते." रडेल, थोडं. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, जवळ बसा.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावरच वासाची ओळख सुरू केली, आधी केली असती तर फडक्याबरोबर रोगही पलीकडे पोचला असता. जुन्या सुती साडीचा तुकडा काळ्याच्या गालांवर फिरवून भावंडांच्या ताटलीखाली, त्यांचा त्याच्याकडे. मग मधे डासांच्या जाळीचं दार नि दोन्हीकडे ताटल्या. भावंडांतली थोरली तोंडात घास धरून गुरगुरायची, पण घास सोडायची नाही! रोज ताटल्या वीतभर जवळ सरकवल्या.

दार उघडलं तेव्हा काकू दोरी हलवत बसल्या. आळीपाळीने वर-खाली होत असतील तर तो खेळ. एकच सतत दबतंय, किंचाळतंय, लपतंय, तर मधे उशी घालायची, हात नाही. तिघांना चार ट्रे म्हटल्यावर काकांनी कपाळाला हात लावला. दोन खोल्यांचं घर, त्यांचंही खरंच होतं; तिनांवर तडजोड झाली.

थोरली जेवताना अजून फिस्कारते. तिची ताटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा, म्हटलं.