वाटपाचा दावा चालू आहे म्हणून घरफाळ्याचा लिलाव थांबत नाही

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका वाचकांनी विचारलं आहे. वडील २०१५ साली वारले. घर तिघा भावंडांचं, वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात, आणि घरफाळा, म्हणजे मालमत्ता कर, तेव्हापासून कोणीच भरलेला नाही. आता दारावर महापालिकेचा जप्तीचा हुकूम लागला आहे, लिलावाची तारीखही जाहीर झाली आहे. दावा चालू असताना महापालिका घर विकू शकते का? आणि बिलं, नोटिसा सगळ्या मयत वडिलांच्या नावानं निघाल्या असतील तर कारवाई रद्द होत नाही का? पेठ बदलते, प्रश्न हेच असतात.

पहिल्याचं उत्तर: विकू शकते. तुमच्या दाव्यात महापालिका पक्षकार नाही आणि तिच्याविरुद्ध मनाई हुकूमही नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १४१ प्रमाणे मालमत्ता कराचा बोजा मिळकतीवरच असतो आणि सरकारी जमीन महसूल सोडला तर तो पहिला. भावंडांत कुणाला किती येतं याच्याशी त्या बोज्याचा संबंध नाही. दावा अजून साक्षीपुराव्यालाही लागलेला नाही, असं तुम्ही म्हणता. आपल्याकडच्या वाटपाच्या दाव्यांचा वेग पाहता त्यात नवल नाही, पण शास्ती, म्हणजे थकबाकीवरचा दंड, त्यासाठी थांबत नाही. थकबाकीवर दरमहा २ टक्के, म्हणजे लाखाला महिन्याला २,००० आणि वर्षाला २४,००० रुपये.

खरी गाठ दुसऱ्या प्रश्नात आहे. त्याच अधिनियमाच्या अनुसूची ‘ड’ मधल्या प्रकरण ८ च्या पहिल्याच नियमात लिहिलं आहे की, कर भरण्याची प्राथमिक जबाबदारी असलेली व्यक्ती वारली तर वारसानं एक वर्षाच्या आत आयुक्तांना लेखी कळवायचं. तुम्ही सांगता, प्रॉपर्टी कार्डावर तिघांची नावं २०१६ लाच लागली, मग महापालिकेला माहीत नव्हतं कसं म्हणायचं? अहो, सिटी सर्व्हे महसूल खात्याचं, घरफाळा महापालिकेचा. एका कचेरीत दिलेला अर्ज दुसऱ्या कचेरीला कळवल्यासारखा होत नाही. दहा वर्षं वडिलांच्या नावाचं बिल घरात येत होतं. ते कपाटात ठेवायचं आणि लिलावाच्या तोंडावर ‘बिल मयताच्या नावाचं’ म्हणून उभं राहायचं, हे कोणत्या न्यायाधीशाला पटेल? मयताच्या नावची नोटीस हा मुद्दा मांडता येतच नाही असं मी म्हणत नाही. मागणीची नोटीस, जप्ती, जाहीर प्रसिद्धी यांपैकी एखादी पायरी चुकली असेल तर तोही मुद्दा होईल. कागद पाहिल्याशिवाय त्यावर बोलणार नाही. पण कळवण्याचं काम तुमचं होतं आणि ते तुम्ही केलं नाही, एवढ्यानंच या हरकतीतला निम्मा जीव जातो.

‘भांडणातल्या घरावर पेठेत बोली कोण लावणार’ हे तुमचं वाक्य मात्र धोक्याचं आहे. बोलीदार आला नाही तर स्थायी समितीची पूर्वमान्यता घेऊन आयुक्तांना नाममात्र बोली लावता येते. म्हणजे गिऱ्हाईक नसलं तर घर महापालिकेच्याच नावावर जाऊ शकतं.

लिलाव होण्याआधी सगळी रक्कम खर्चासह भरली तर जप्ती उठते. लिलावानंतर काय, याच्या भरवशावर राहू नका. ‘माझा तिसरा हिस्सा भरतो’ हेही चालणार नाही, बोजा अख्ख्या घरावर आहे. खालच्या दुकानाचं भाडं मोठा भाऊ खातो म्हणून घरफाळा त्यानं भरावा, हे तुमचं म्हणणं रास्त असेल. ते दाव्यात मांडा. आज पूर्ण रक्कम तुम्ही भरा, ‘हक्क राखून’ असं लेखी द्या, पावती जपून ठेवा. दुसऱ्याचं देणं आपलं हित वाचवण्यासाठी भरलं तर ते परत मागण्याचा हक्क भारतीय करार कायद्याच्या कलम ६९ नं मिळतो. मुदत भरल्या तारखेपासून तीन वर्षं. वाटपाच्या दाव्यात लगेच अर्ज देऊन ही रक्कम हिशेबात घ्यायला सांगा. शास्तीत सवलतीची योजना येईल म्हणून थांबू नका.

आकारणीच जास्त झाली आहे, ही तक्रार आता बाजूला ठेवा. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खालचं अपील १५ दिवसांत करायचं असतं आणि तेही मागणीची रक्कम भरून. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच आहे, त्यामुळे मुंबईची खेप वाचली; पण स्थगिती मागायला गेलात की ‘भरले किती?’ हा प्रश्न इथंही पहिला येणार.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेली गोष्ट. धाकट्या भावानं जप्तीनंतर आपला हिस्सा विकायला एकाकडून इसार घेतला आहे. जप्तीच्या हुकमानं मिळकत विकायला वा गहाण टाकायला मनाई होते, तेव्हा तो व्यवहार पुढं रेटू नका. त्या गृहस्थाला हुकमाची प्रत दाखवा आणि इसार परत करा. पैसे भरायला नागरी सुविधा केंद्रात जाल त्याच दिवशी मृत्यूचा दाखला जोडून वारस नोंदीचा अर्ज द्या आणि पोच घ्या.