क्रूसावरचा येशू रंगवला की देखणाच दिसतो, वेदना उतरत नाही. काय करू?

चेहरा राहू द्या, आधी हात करा. यवतमाळकडच्या आमच्या गावातल्या चर्चसाठी काढताना मी तीनदा पुसला. डोळ्यांत पाणी, कपाळावर रक्त, तरी कॅलेंडरातलाच वाटे! मग कापूस वेचणाऱ्या काकूंची बोटं पाहिली: बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली, नीट मिटत नसलेली. तीच काढली.

जर्मन चित्रकार ग्रूनेवाल्डचं, इसेनहाइम गावासाठी काढलेलं क्रूसावरच्या येशूचं चित्र (१५१२-१६) मोबाइलवर मोठं करून बघा. ताठ फाकलेली बोटं, अंगभर व्रण. ते तिथल्या मठाच्या रुग्णालयासाठी होतं. राय धान्यावरच्या बुरशीनं अंगाची आग होणारे, हातपाय सडलेले रोगी तिथं येत. त्यांना तो आपल्यातलाच दिसला असणार.

लाल रंग मात्र आवरा, नाटकातलं रक्त वाटतं.