सत्काराआधी त्यांची ड्युटी विचार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि मानपत्राचा मसुदा मिळाला. आपल्या बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत १०८ रुग्णवाहिकेवरील तंत्रज्ञाचा मंडळातर्फे सत्कार करावा, ही तुझी कल्पना मला मनापासून आवडली. एरवी आपल्याकडची शाल-श्रीफळे ज्यांच्या घरी शालींचे गठ्ठे पडलेले असतात, त्यांच्याच वाट्याला जातात.

मात्र वेळ ठरवण्याआधी त्यांच्या ड्युटीची वेळ विचारून घे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने अग्निशमन दलातील एका जवानाला रात्री नऊची वेळ दिली होती. वैशाखातली आपली मिरवणूक कशी चालते हे तुला ठाऊकच आहे. पहिला चित्ररथ हलेपर्यंत रात्र चढते आणि मागच्यांना उजाडते. प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत तो गृहस्थ साडेबारापर्यंत डोक्याला फेटा आणि पायांत ड्युटीचे बूट अशा अवस्थेत चित्ररथाच्या कडेला उभा राहिला. पहाटे कामावर हजर व्हायचे असल्याने अखेर त्याने फेटा उतरवला, माझ्या हातात ठेवला, ‘येतो’ एवढेच म्हणाला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. नारळ आमच्याच टेबलावर राहिला. त्या कार्यक्रमाची आखणी माझी होती, त्यामुळे दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

आता मसुद्याविषयी. तू त्यांना तीन वेळा ‘देवदूत’ म्हटले आहेस, पण ते काय करतात हे एकदाही लिहिलेले नाही. हृदय थांबलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक वेळी किमान पाच सेंटिमीटर खोल दाबायची, दाब सोडल्यावर ती पूर्ण वर येऊ द्यायची आणि हे दमछाक होईपर्यंत करत राहायचे, हे शिकलेल्या माणसाचे काम आहे. तुमच्या ढोलपथकातील मुलांना हा वेग सांगून पाहा. तेवढ्या ठेक्यावर दोन मिनिटे हात चालवला की मनगटे काय म्हणतात, ते त्यांना ठाऊक असेल. कर्नाटकात ‘आरोग्य कवच’ या नावाने ही १०८ रुग्णवाहिका सेवा २००८ पासून सुरू आहे आणि तिच्यात चालकाला पायलट म्हणतात. तुझ्या मसुद्यात पायलटचा उल्लेखच नाही. गाडी वेळेवर पोहोचली नसती, तर तंत्रज्ञाच्या हातून काय झाले असते? सत्कार दोघांचा कर. ज्या आजोबांचा जीव वाचला त्यांचे नाव मात्र मानपत्रातून काढून टाक. आपल्या आजाराची दवंडी भर चौकात पिटावी, अशी परवानगी त्यांनी तुला दिलेली नाही.

तंत्रज्ञ बैलहोंगल तालुक्यातील आहेत, असे तू लिहितोस. मानपत्र मराठीत असावेच, ते आपल्या मंडळाचे आहे; पण खाली तोच मजकूर कन्नडमध्येही छापून घे. ते मानपत्र त्यांच्या घरी भिंतीवर लागणार आणि त्यांच्या आईला ते वाचता आले पाहिजे. यावर मंडळात कोणी कुरकुर केली, तर त्याला माझ्याकडे पाठव. नावाचा उच्चार आणि आद्याक्षरांचा क्रम त्यांनाच विचार, कारण आपण कानडी नावे ऐकीव लिहितो आणि ती हमखास चुकतात.

एक गोष्ट पंचमंडळींच्या बैठकीत तू स्वतः मांड. रामदेव गल्ली आणि खडेबाजारात त्या रात्री माणसाला माणूस खेटून उभा असतो, आणि डॉल्बीच्या आवाजात रुग्णवाहिकेचा भोंगा दहा पावलांवरही ऐकू येत नाही. आपण ज्यांना फेटा बांधणार, त्यांचीच गाडी आपल्या चित्ररथामागे अडकून पडली तर पुढच्या वर्षी त्यांना तोंड कसे दाखवणार? दहा कार्यकर्ते निवड, त्यांच्या हाती शिट्ट्या आणि दोर दे, आणि शिट्टी वाजताच आवाज बंद करायचा, हे डॉल्बीवाल्याशी पैसे ठरवतानाच बोलून घे. वाट कोणत्या बाजूने मोकळी ठेवायची ते पायलटलाच विचार. गाडी कुठे वळते आणि कुठे अडते, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

सुधारलेला मसुदा शुक्रवारपर्यंत पाठव. फेटे दोन सांग.

तुझा,
काका