इंग्लंडला येताच मोठी गाडी लीजवर घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनी इंग्लंडला पाठवतेय, बायको आणि सात वर्षांची मुलगी सोबत येणार, ऑफर लेटरमध्ये कार अलाउन्सची एक ओळ आहे, आणि महिन्याचं भाडं बघता बीएमडब्ल्यू फाइव्ह सीरीज किंवा त्या तोडीची गाडी तीन वर्षांच्या लीजवर जमेलसं वाटतंय. घ्यावी का? आणि जाता जाता विचारलंत, तिकडे एकटं वाटतं का.

दुसऱ्याचं आधी सांगून टाकतो. वाटतं. सवय होते.

व्हिसा, घरभाडं, बँक यावर काही लिहीत नाही, ते सगळं सरकारी साइटवर आहे. गाडीबद्दल मात्र तिथे कोणी बोलत नाही.

लीजचं भाडं म्हणजे गाडीच्या किमतीचा हप्ता नव्हे. नवी गाडी केवढ्याला आणि तीन वर्षांनी ती केवढ्याला विकली जाईल, यातला फरक तुम्ही भरता, वर व्याज आणि २० टक्के व्हॅट. म्हणून जुन्या बाजारात भाव टिकवणारी महागडी गाडी कधी कधी साध्या गाडीच्या जवळपास भाड्यात मिळते. यात फसवाफसवी काही नाही. रोड टॅक्स बहुधा भाड्यातच असतो, आणि एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची सक्तीची तपासणी, तीन वर्षांनी लागते, म्हणजे ती यायच्या सुमारास गाडी परत.

पण जाहिरातीतला आकडा बघताना खालची बारीक अक्षरं वाचा. तो हप्ता बरेचदा नऊ महिन्यांचं भाडं आधीच एकरकमी भरलं तर असतो, आणि वर्षाला किती मैल चालवायचे याची मर्यादाही कमीच धरलेली असते. इन्शुरन्स तुमचा तुम्ही काढायचा. इथे इन्शुरन्ससाठी गाड्यांची जोखमीनुसार प्रतवारी असते आणि या गाड्या वरच्या टोकाला बसतात. भारतातला नो क्लेम बोनस बहुतेक कंपन्या धरत नाहीत. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं, मग थिअरी आणि प्रॅक्टिकल परीक्षा. तोवर इन्शुरन्सवाल्यांच्या लेखी तुम्ही काल स्टिअरिंग हातात घेतलेले. टायर तर विचारूच नका, १९ इंची टायरची जोडी बदलताना डोळे पांढरे होतात.

आता कागदपत्रं. अर्जात गेल्या तीन वर्षांचे पत्ते मागतात. आमच्या अर्जातल्या त्या चौकटीत इथला पोस्टकोड टाकल्याशिवाय पुढे जाताच येईना. फोन केला तर ‘परदेशातला पत्ता चालतो, फक्त फॉर्म घेत नाही’ असं उत्तर मिळालं. घरमालकाचं पत्र दिलं, पगाराच्या स्लिपा दिल्या, मग क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून नकार. मी तोवर आयुष्यात कोणाचा एक रुपया बुडवलेला नव्हता आणि तीच अडचण ठरली, कारण इथे कोणाचं काही फेडलेलंही नव्हतं. एक गोष्ट मला फार उशिरा कळली, तुम्ही पहिल्याच आठवड्यात करा: भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे म्हणून इथे मतदार यादीत नाव घालू शकतात. त्या नोंदीनं तुमचा पत्ता खरा आहे हे पटतं आणि क्रेडिटला हातभार लागतो.

मैलांबद्दल लिहायचं तर मुलीच्या शाळेवर यावंच लागतं, आणि तो विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. वर्षाच्या मध्ये आलात तर घराजवळच्या शाळेत जागा असेलच असं नाही. आमच्या घराच्या खिडकीतून एक शाळा दिसते. तिथे वर्ग भरलेला. काउन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, जागा दिली ती चार मैलांवर. अपील केलं, तीन अनोळखी माणसांसमोर बसून सांगितलं की मुलीला अजून भाषा येत नाही, शेजारची मुलं ओळखीची झाली तर बोलायला लागेल. त्यांनी नम्रपणे ऐकलं आणि नम्रपणे नाही म्हटलं. पुढे वेटिंग लिस्टमधून नाव लागलं तोवर तिला तिकडच्या मैत्रिणी मिळाल्या होत्या, आता तीच हलायला तयार नव्हती. खिडकीतून ती शाळा अजून दिसते. मी पडदा लावतो.

तर हिशोब: चार मैल, सकाळी जाऊन-येऊन आणि दुपारी जाऊन-येऊन, दिवसाला १६. शाळेचे दिवस १९०. वर्षाला ३,०४० मैल, नुसती शाळा. करारात वरच्या मैलाला समजा १५ पेन्स असतील आणि हे सगळे मैल मर्यादेबाहेर गेले, तर तीन वर्षांचे १,३६८ पौंड. त्यामुळे शाळा ठरल्याशिवाय मैलांचा आकडा ठरवू नका, म्हणजेच सहीही करू नका.

नोकरीचंही तेच. स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी गेली की नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसाची जबाबदारी घेणारी कंपनी, शोधायला साधारणपणे ६० दिवस मिळतात. गाडीचा करार मात्र ३६ महिन्यांचा. मध्येच सोडायचा तर उरलेल्या भाड्याच्या निम्मं मागणं ही सर्रास पद्धत आहे. महिना ५५० पौंड आणि २० महिने बाकी असतील तर ५,५०० पौंड, तेही नोकरी नसताना.

कंपनीचीच गाडी घेतलीत तर गणित निराळं. टॅक्स गाडीच्या यादीतल्या किमतीवर आणि धुरावर बसतो. ५०,००० पौंडांची इलेक्ट्रिक गाडी आणि तुम्ही इन्कम टॅक्सच्या ४० टक्क्यांच्या टप्प्यात: २०२५-२६ चा दर ३ टक्के, म्हणजे किमतीचे ३ टक्के तुमचं उत्पन्न धरून त्यावर ४० टक्के टॅक्स, वर्षाला ६०० पौंड. त्याच किमतीची भरपूर धूर सोडणारी पेट्रोल गाडी ३७ टक्क्यांत जाते, ७,४०० पौंड. इलेक्ट्रिकचा दरही चढतोय, २०२९-३० ला ९ टक्के होणार आहे. पगारातून कापून इलेक्ट्रिक गाडी देण्याच्या योजनेत इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर बरेचदा आत असतात, नवख्याला ते सोयीचं. फक्त कापून उरलेला पगार व्हिसाच्या अटीला पुरतो का आणि नोकरी सुटल्यास गाडीचं काय, हे एचआरकडून लेखी घ्या.

परत देतानाची तपासणीही ऐकून ठेवा. आमच्याकडे आलेला माणूस सज्जन होता. बॅटरी आणि छोटी पट्टी घेऊन गाडीभोवती गुडघ्यांवर फिरला. गाड्या भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांच्या बीव्हीआरएलए या संघटनेचे नियम आहेत: २५ मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा, रंगाखालचा प्रायमर दिसत नसेल तर माफ. मागच्या दारावर मुलीच्या दप्तराच्या चेननं काढलेली एक रेघ होती. त्यानं पट्टी लावली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा लावली आणि आकडा लिहिला. बायकोनं त्याला चहा दिला. बिल आलंच.

एवढं सगळं माहीत असून मी अजून लीजवरच आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. करार संपत आला की आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून बोलतो, या वेळी परत जायचं का. मग नव्या गाडीचं कोटेशन येतं आणि तो विषय तीन वर्षं पुढे जातो. गाडी विकत घेतली तर आम्ही इथलेच झालो असं म्हणावं लागेल, आणि ते तोंडातून निघत नाही. शिवाय आईला फोन मी गाडीत बसूनच करतो. घरात मुलगी इंग्रजीत बोलत असते आणि आई विचारते, काय म्हणाली रे ती? गाडीत आईचा आवाज चारी बाजूंनी येतो. चांगल्या स्पीकरसाठी मी दरमहा जास्तीचे पैसे देतो का? देतो.

तुम्ही मात्र पहिलं वर्ष जुनी छोटी हॅचबॅक रोखीनं घ्या. शाळा लागू दे, प्रोबेशन संपू दे, इथलं लायसन्स हातात येऊ दे. मग फाइव्ह सीरीजचं कोटेशन काढा आणि त्याच दिवशी इन्शुरन्सचंही काढा. दोन्ही मला पाठवा, मी बघून सांगतो.