भरडधान्यांची शेती वाढली म्हणजे शाश्वत उपभोग आणि उत्पादन साधेल का?

भरडधान्यांचा पेरा वाढवला की शाश्वत उपभोग आणि उत्पादन हे संयुक्त राष्ट्रांचे बारावे शाश्वत विकास उद्दिष्ट आपोआप साधेल का, असा हा प्रश्न आहे. माझ्या मते शेतापुरते ते बऱ्याच अंशी साधते. खरी अडचण कापणीनंतर सुरू होते आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते.

ज्वारी, बाजरी, नाचणी, राळा ही सी-४ गटातील (प्रकाशसंश्लेषण कमी पाण्यात अधिक कार्यक्षमतेने करणारी) पिके कडक उन्हातही पाणी बेताने वापरून वाढतात. भाताला साधारण १,२०० मिलिमीटर पाणी लागत असताना बाजरी ४०० मिलिमीटर पावसावरही हाती लागते. अर्थात हेक्टरी उत्पादन कमी असल्यामुळे, जिथे पाणी खरोखरच मुबलक आहे अशा सुपीक जमिनीतून भात हटवून बाजरी लावावी, असे मी म्हणणार नाही.

आता कापणीनंतरचे पाहू. बाजरी आणि नाचणी मळणीतच मोकळ्या होतात, परंतु राळा, वरी, सावा, कोदो यांच्या दाण्यावर घट्ट टरफल असते. दाणा इतका बारीक, की भाताच्या गिरणीत तो एक तर टरफलासकट तसाच बाहेर पडतो, नाहीतर त्याचा चुरा होतो. त्यामुळे आधी चाळून आकारवारी करणे आणि मग त्या आकाराला जुळवलेल्या यंत्रात भरडणे म्हणजे टरफल काढणे, हे दोन्ही टप्पे लागतात. पश्चिम आफ्रिकेत फोनिओ हे असेच बारीक धान्य स्त्रिया उखळात तासन्‌तास कांडत असत; सेनेगलचे सानुसी दियाकिते यांनी त्यासाठी यंत्र बनवले आणि १९९६ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला.

बाजरीची अडचण वेगळी आहे. तिच्यात सुमारे पाच टक्के स्निग्धांश असतो आणि दळताना अंकुरातील तेल व त्याचे विघटन करणारे लायपेज हे विकर (एन्झाइम) एकत्र आल्याने पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते, तर अख्खा दाणा कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून ग्राहकाने दाणे घेऊन लागेल तेवढेच दळावे, किंवा कारखान्याने दळण्यापूर्वी दाण्याला उष्णता देऊन विकर निष्क्रिय करावे. कोंडा काढून पांढराशुभ्र केलेल्या दाण्याचे पीठ अधिक टिकते हे खरे, पण ज्या तंतूंसाठी हे धान्य विकत घेतले जाते तेच त्यात निघून जातात.

संयुक्त राष्ट्रांच्या याच बाराव्या उद्दिष्टातील १२.३ हे लक्ष्य अन्नाची नासाडी आणि त्याबरोबरच कापणीनंतरचे नुकसान कमी करण्याविषयी आहे. त्यामुळे निधी मर्यादित असेल, तर मी तो बियाणे वाटपाआधी उत्पादक गटांच्या जवळ चाळण्या आणि भरडणी यंत्रे बसवण्यावर खर्च करेन.